पायाखालची भूमि

आपल्या भाषेंत माणसाच्या नैतिक अवस्थेचें वर्णन करण्यास पायाखालच्या जमिनीइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याच वस्तूचा झाला नसेल. एखादा मनुष्य पाय रोवून उभा राहतो, एखाद्याचा पाय घसरतो, एखाद्याच्या पायाखालची वाळू सरकते, आणि ज्याला कसलाच आधार नाहीं तो अधांतरीं लोंबकळतो. हे वाक्प्रचार योजतांना बोलणाराच्या मनांत एक न उच्चारलेला सिद्धांत असतो: उभें राहणें हा माणसाचा गुण खरा, परंतु तो गुण प्रकट होण्यास खालीं कांहींतरी घट्ट असावें लागतें. आतां पडलेल्या माणसाचा न्याय करतांना दोष त्याच्या पायांना द्यावा कीं जमिनीला, हा प्रश्न जितका जुना तितकाच रोजचा आहे. घरांत मुलगा नापास झाला, शेजारचा तरुण व्यसनाधीन झाला, ओळखीचा एखादा कारकून अफरातफरींत सांपडला, कीं आपल्या सुशिक्षित घरांतून तत्काळ दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, 'परिस्थितीनें त्याला असें केलें'. दुसरा म्हणतो, 'मूळचाच तसा. खाण तशी माती.' जेवण आटोपेपर्यंत वाद चालतो, आणि पुढच्या प्रसंगीं तेच लोक बाजू बदलून तोच वाद करतात. स्वतःच्या मुलाच्या बाबतींत परिस्थिति आणि शेजाऱ्याच्या मुलाच्या बाबतींत स्वभाव, असा साधारण नियम दिसतो.

ह्या वादांत अलीकडे एका अनपेक्षित ठिकाणाहून साक्ष काढण्यांत येऊं लागली आहे, आणि तें ठिकाण म्हणजे आपल्या अंगावरची कातडी. मानवी त्वचेच्या मूलपेशींवर, म्हणजे ज्यांच्या विभागण्यानें त्वचा जन्मभर नवी होत राहते त्या पेशींवर, गेल्या कांहीं दशकांत जे प्रयोग झाले त्यांतून असें दिसून आलें कीं, पेशीनें पुढें काय व्हावें हें केवळ तिच्या पोटांतल्या आनुवंशिक द्रव्यानें किंवा भोंवतालच्या रसायनांनीं ठरत नाहीं. तिच्या पायाखालीं किती जागा आहे, ती कठीण आहे कीं मऊ, तिला ऐसपैस पसरतां येतें कीं अंग चोरून बसावें लागतें, ह्यावरही तें ठरतें. हें ऐकून परिस्थितिवाद्यांस हर्ष झाला तर नवल नाहीं. तो हर्ष कितपत साधार आहे, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

शरीराकडून नीतीचा धडा घेण्याची संवय मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. छांदोग्य उपनिषदांत वाणी, चक्षु, श्रोत्र, मन आणि प्राण ह्यांचा श्रेष्ठत्वाबद्दल कलह होतो. एकेक इंद्रिय वर्षभर शरीर सोडून जाऊन परत येतें, आणि शेवटीं प्राण निघूं लागतांच इतरांचे पाय डळमळूं लागून निवाडा होतो. लिव्हीनें लिहिलेल्या रोमच्या इतिहासांत मेनेनिअस अग्रिप्पा हा पोट आणि अवयव ह्यांच्या भांडणाची गोष्ट सांगून रुसून गेलेल्या जनतेला शहरांत परत आणतो. दोन्ही गोष्टी सुंदर आहेत. पण दोन्हींत शरीर तेंच बोलतें जें कथा सांगणारास हवें असतें. १८६० सालीं हर्बर्ट स्पेन्सरनें समाजाला शरीराची उपमा देऊन एक निबंध लिहिला आणि सरकारनें लोकांच्या व्यवहारांत हात घालूं नये ह्या आपल्या मताशीं ती उपमा जुळवून घेतली. १८७१ सालीं हक्स्लेनें दाखवून दिलें कीं, उपमा खरी मानावयाची तर शरीरांत मेंदूची सत्ता चालते, आणि मग अनुमान नेमकें उलट निघतें. तेव्हां पेशीला साक्षीला बोलावतांना तिच्या तोंडीं आपलें भाषण घालूं नये, एवढी सावधगिरी बाळगून आधीं तिची हकीकत ऐकूं.

त्वचेचा अगदीं वरचा थर, ज्याला बाह्यत्वचा म्हणतात, तो बहुतेक अंगावर साध्या कागदाहून फारसा जाड नसतो. त्याच्या तळाशीं पेशींची एक रांग असते, आणि ती रांग एका अतिशय पातळ आधारपटलावर उभी असते. ह्या तळच्या रांगेंत मूलपेशींचें वास्तव्य. मूलपेशी विभागते, तिच्या संततीपैकीं कांहीं तळाशींच राहून तिचा वारसा चालवितात, कांहीं आधारपटलावरचा पाय सोडून वर सरकूं लागतात. वर सरकणारी पेशी चपटी होत जाते, तिच्या अंगांत केराटिन नांवाचें चिवट द्रव्य भरतें, तिचें केंद्र नाहींसें होतें, आणि सुमारें महिन्याभरानें ती मृत खवला होऊन स्नानाच्या वेळीं अंगावरून निघून जाते. आपण ज्याला आपली कांति म्हणून आरशांत पाहतों तो मृत पेशींचा थर होय. ह्या वर जाण्याला शास्त्रज्ञ परिपक्वता म्हणतात. व्यवहारांत परिपक्वता म्हणजे कांहींतरी मिळविणें. त्वचेंत ती म्हणजे परतीची वाट बंद होणें आहे. कांहीं भाविक लेखक ह्याला पेशींचा आत्मत्याग म्हणतात. आम्हांस तो शब्द येथें पटत नाहीं. ज्याला राहतां आलें असतें आणि जो जाणून गेला त्याच्याच जाण्याला त्याग म्हणावें.

राहावें केव्हां आणि जावें केव्हां, हें पेशीला प्रयोगानें विचारण्यास ती शरीराबाहेर वाढविण्याची विद्या हवी होती. ती १९७५ सालीं अमेरिकेंत हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड ह्यांनीं साध्य केली. उंदराच्या पेशींना किरणांनीं वांझ करून त्यांचें त्यांनीं जणुं अंथरूण घातलें आणि त्यावर मानवी त्वचेच्या पेशी पेरल्या. तेव्हां त्या पिढ्यान्‌पिढ्या वाढूं लागल्या. दोन वर्षांनीं ग्रीननें अशाच पेशी एका दाट द्रवांत तरंगत ठेवल्या. अन्न होतें, ऊब होती. फक्त पाय टेकण्यास जागा नव्हती. पेशींची वाढ थांबली आणि त्या परिपक्व होऊं लागल्या. १९८८ सालीं इंग्लंडांत फिओना वॉट ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ह्याच प्रश्नाला अधिक सूक्ष्म रूप दिलें: पाय टेकण्यास जागा द्यावयाची, पण ती मोजून. जेथें पेशी चिकटूं शकत नाहीं अशा पृष्ठभागावर चिकटण्याजोगीं चिमुकलीं बेटें तयार करून त्यांवर पेशी ठेवल्या, तेव्हां जिला पसरतां आलें नाहीं ती परिपक्व होते असें दिसलें. २०१० सालीं वॉटबाईंच्या मंडळींनीं हाच प्रयोग अधिक नेमका केला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २० मायक्रॉन व्यासाचीं कांहीं बेटें आणि ५० मायक्रॉन व्यासाचीं कांहीं, आणि एकेका बेटावर एकेक पेशी. मोठ्या बेटावरची पेशी पसरली आणि मूलपेशीच राहिली. लहान बेटावरची गोल बसून राहिली आणि एका दिवसाच्या आंत परिपक्वतेच्या मार्गाला लागली. दोघींचें कूळ एक, अन्न एक, हवा एक. भेद काय तो अंगणाचा.

अंगणाची ही वार्ता पेशीच्या केंद्रापर्यंत कोण नेतो, ह्याचाही पुष्कळ शोध लागला आहे. इटलींतील पादुआ येथील संशोधकांनीं २०११ सालीं याप आणि टाझ नांवाचीं दोन प्रथिनें हें काम करतात असें दाखविलें. पेशी पसरलेली व ताणलेली असली कीं हीं प्रथिनें केंद्रांत जाऊन बसतात; ती आखडली कीं बाहेर पडतात. त्याच मंडळींनीं २०१७ सालीं मानवी त्वचेच्या पेशींत असें दाखविलें कीं, पेशीला परिपक्वतेकडे ढकलणारा 'नॉच' नांवाचा जो संकेत आहे त्याला हीं दोन प्रथिनें केंद्रांत असेपर्यंत दाबून ठेवतात. एवढें तपशिलाचें पुरे.

ह्यावर रॉबर्ट ओवेननें आनंदानें मान डोलविली असती. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीचा हा चालक १८१३ पासून हिरीरीनें सांगत होता कीं, मनुष्याचें शील मनुष्य स्वतः बनवीत नाहीं, तें त्याच्यासाठीं बनविलें जातें. म्हणून स्तुति आणि निंदा, बक्षीस आणि शिक्षा ह्या सर्व अज्ञानाच्या गोष्टी आहेत. तो नुसता बोलला नाहीं. मजुरांच्या मुलांसाठीं त्यानें १८१६ सालीं शाळा उघडली आणि तिला शीलसंवर्धनाची संस्था असेंच नांव दिलें. ओवेनच्या मतांत सत्याचा जो अंश आहे तो आमच्या मध्यमवर्गीय घरांना विशेष लागू आहे, आणि तो लहान बेटाच्या प्रयोगांत स्पष्ट दिसतो. जिला पसरण्यास जागा मिळाली नाहीं ती पेशी मरत नाहीं, बिघडतही नाहीं. ती लौकर परिपक्व होते. आमच्यांत दहा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलीचें कौतुक ऐकूं येतें: वयाच्या मानानें किती पोक्त आहे, भावंडांना सांभाळते, हट्ट म्हणून करीत नाहीं, काय हवें तें विचारलें तर 'कांहीं नको' म्हणते. हें कौतुक ऐकतांना आम्हांस नेहमीं वाटतें, कीं ह्या मुलीच्या वांट्याला बेट केवढें आलें होतें हें कोणीतरी मोजून पाहावें. तोच प्रकार त्या मुलाचा, ज्याचा धंदा त्याच्या मुंजीच्या आधींच ठरलेला असतो, आणि जो पुढें उत्तम इंजिनिअर होतो व चाळिसाव्या वर्षीं आपण दुसरें काय झालों असतों ह्या प्रश्नाला उत्तर देऊं शकत नाहीं. येथें आम्हीही अग्रिप्पाचाच उद्योग करीत आहों असें कोणी म्हणेल. त्यावर आमचें उत्तर इतकेंच, कीं त्या मुलीची गोष्ट पेशीवरून सिद्ध होते असें आम्ही म्हणत नाहीं; ती पेशीशिवायही खरीच आहे. पेशीमुळें ती नजरेस आली.

परंतु परिस्थितिवाद्यांनीं एवढ्यावर खटला जिंकला असें समजूं नये, कारण कातडीजवळ दुसऱ्या पक्षाचाही पुरावा आहे. तळपायाची कातडी जाड असते, आणि अनवाणी चालणाराची अधिक जाड होते, हें कोणासही ठाऊक आहे. पण ती जन्माच्या आधींच, जमिनीचा स्पर्शही झालेला नसतांना, इतर अंगाहून जाड असते. डार्विननें १८७१ सालच्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथांत ही गोष्ट नोंदून तिचें कारण अनेक पिढ्यांच्या दाबाच्या वारशांत शोधलें. तें कारण आज ग्राह्य मानलें जात नाहीं, परंतु निरीक्षण खरें आहे. जमीन अनुभवण्यापूर्वीं जमिनीची तयारी: ह्याहून अधिक स्वभाव तो कोणता? मात्र येथेंही एक गंमत आहे. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, तळव्याच्या आंतल्या थरांतील पेशींच्या सहवासांत शरीराच्या दुसऱ्या भागांतील बाह्यत्वचेच्या पेशी ठेवल्या, तेव्हां त्या नवख्या पेशीही केवळ तळव्यांतच आढळणारें एक केराटिन बनवूं लागल्या. म्हणजे तळव्याचा तळवेपणा वरच्या पेशींत नसून त्यांच्या खालच्या शेजाऱ्यांत होता. एकाचा स्वभाव तो दुसऱ्याची परिस्थिति झाला. भोजनोत्तर वादांतले दोन्ही पक्ष ज्या दोन शब्दांवर इतका जोर देतात ते शब्दच असे पाहणाराच्या जागेप्रमाणें बदलणारे निघाले, तर वादाचें काय व्हावें?

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. पायाखालची जमीन कठीण कीं मऊ, हें पेशीला कळतें कसें? तिला डोळे नाहींत, मज्जातंतू नाहींत. तिला तें ओढून कळतें. पेशीच्या तळाला इंटेग्रिन नांवाचे पकडणारे रेणु असतात. त्यांनीं ती खालचे तंतू धरते आणि आपल्या अंगांतील आकुंचन पावणाऱ्या धाग्यांनीं त्यांना आपल्याकडे खेंचते. खालचा तंतु हलला नाहीं तर ताण वाढतो. तो ताणच तिला सांगतो कीं येथें आधार आहे. तंतु सैल येऊन हातांत आला तर ताण उत्पन्न होत नाहीं. हाडांच्या मगजांतून घेतलेल्या पेशींवर २००६ सालीं झालेल्या प्रसिद्ध प्रयोगांत जमिनीच्या कठीणपणाप्रमाणें पेशी मज्जातंतूसारखी, स्नायूसारखी किंवा हाडासारखी होऊं लागते असें दिसलें. पण औषधानें तिची खेंचण्याची शक्ति लुळी केली तेव्हां जमिनीच्या कठीणपणाचा हा परिणाम होईना. मानवी बाह्यत्वचेच्या मूलपेशी अतिशय मऊ जेलीवर ठेवल्या तेव्हां त्या पसरल्या नाहींत व परिपक्व झाल्या. २०१२ सालीं हें प्रसिद्ध करणाऱ्या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांचें मत असें, कीं त्या जेलीला कोलॅजेन सैल बांधलेलें असल्यामुळें ओढणाऱ्या पेशीला प्रतिकारच मिळत नव्हता. दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं ह्याला आक्षेप घेऊन जेलीचा मऊपणा हेंच खरें कारण असें प्रतिपादिलें. त्या वादांत पडण्याचा आमचा अधिकार नाहीं, आणि गरजही नाहीं. कारण पेशी ओढते आणि ओढून जाणते, ह्याविषयीं दोन्ही पक्षांत मतभेद नाहीं.

ह्या एका गोष्टीनें 'परिस्थिति घडविते' ह्या वाक्याचा अर्थच पालटतो. ओवेनच्या कल्पनेंत परिस्थिति हा ठसा आणि मनुष्य हें मेण होतें. पण ठशाला मेणाच्या प्रयत्नाची गरज नसते. येथें तर जी ओढत नाहीं तिला जमीन असून नसल्यासारखी आहे. ओढणें हें पेशीच्या इच्छेचें कृत्य आहे असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. पेशीला इच्छा नाहीं, लाज नाहीं, आणि रात्रीं जागें राहून केलेल्या कर्माचा विचार करणेंही नाहीं. तरी इतकें निश्चित, कीं भोंवतालच्या वस्तूंचा परिणाम व्हावयास देखील परिणाम होणाराकडून कांहींतरी क्रिया घडावी लागते, हें तत्त्व निर्जीव रसायन आणि सजीव मनुष्य ह्यांच्या मधल्या इतक्या खालच्या पायरीवर आढळतें. पुस्तकांनीं भरलेल्या घरांत वाढून एकही पुस्तक न उघडणारा मुलगा कोणी पाहिला नाहीं? परिस्थितीचा पुरवठा त्याला झाला. ओढ त्यानें दिली नाहीं. अर्थात् ती कां दिली नाहीं, हा प्रश्न राहतोच.

जॉन स्टुअर्ट मिलला हा प्रश्न पुस्तकांतून सुचलेला नव्हता. तो त्याच्या अंगावर आलेला होता. परिस्थितीनें मनुष्य हवा तसा घडवितां येतो ह्या श्रद्धेनें त्याच्या बापानें त्याला वयाच्या तिसऱ्या वर्षीं ग्रीक शिकविण्यास आरंभ केला. विसाव्या वर्षीं, १८२६ सालीं, त्याला घोर विषण्णतेनें ग्रासलें. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत तो सांगतो कीं, आपलें शील आपल्या सत्तेबाहेरच्या कारणांनीं पूर्वींच ठरून गेलें आहे हा विचार खिन्नतेच्या दिवसांत त्याच्या छातीवर भुतासारखा बसत असे. त्यांतून त्यानें जी वाट काढली ती १८४३ च्या त्याच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत आहे: शील परिस्थितीनें बनतें हें खरें, पण तें अमुक प्रकारचें बनावें ही आपली स्वतःची इच्छा हीही त्या परिस्थितीपैकींच एक आहे, आणि तिचें बळ कांहीं सर्वांत कमी नाहीं. ओवेननें मनुष्याला कारणांच्या साखळीबाहेर काढून ठेवलें होतें; मिलनें त्याला तिच्यांत एक कडी म्हणून परत बसविलें. विचार चांगला आहे. त्याचें दुर्बळ स्थळ एवढेंच, कीं ती इच्छा तरी कोठून यावी? मिलनें प्रामाणिकपणें कबूल केलें आहे कीं तीही अनुभवांतूनच येते. मग ज्याला अनुभवानें इच्छा करण्याइतकाही आधार दिला नाहीं, त्याला आपण काय सांगणार?

हा प्रश्न केवळ पंडिती नाहीं, हें एका मुलाच्या हकीकतीवरून कळून येईल. बाह्यत्वचेच्या तळच्या पेशी ज्या आधारपटलावर उभ्या असतात त्यांतील एक प्रमुख द्रव्य म्हणजे लॅमिनिन-३३२ हें प्रथिन, आणि तें त्या पेशी स्वतःच स्रवतात. पेशी ज्या भूमीवर उभी राहते ती भूमि, निदान अंशतः, तिनेंच पसरलेली असते. आतां कांहीं मुलें अशीं जन्मास येतात कीं त्यांच्या पेशींत हें प्रथिन बनविण्याचें जनुकच सदोष असतें. त्यांची कातडी साध्या घर्षणानेंही सुटते, फोड येतात, जखमा भरत नाहींत. सीरियांतून जर्मनींत आलेल्या एका कुटुंबांतील सात वर्षांचा असा एक मुलगा २०१५ च्या जूनमध्यें बोखुम येथील इस्पितळांत दाखल झाला. पुढें त्याची सुमारें ८० टक्के बाह्यत्वचा नाहींशी झाली. बापानें आपली कातडी दिली. ती टिकली नाहीं. शेवटीं आईबापांच्या संमतीनें एक प्रायोगिक उपाय करण्याचें ठरलें. मुलाच्या अंगावरील न सुटलेल्या भागांतून ४ चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेऊन इटलींत मोडेना येथें पाठविला. तेथें मिकेले दे लुका आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं त्यांतील पेशींत विषाणूच्या वाहनानें जनुकाची निर्दोष प्रत घातली आणि ग्रीनच्या पद्धतीनें त्यांचे पापुद्रे वाढविले. ऑक्टोबर २०१५ पासून जानेवारी २०१६ पर्यंत एकूण सुमारें ०.८५ चौरस मीटर कातडी त्याच्या अंगावर बसविण्यांत आली. फेब्रुवारींत मुलगा इस्पितळांतून घरीं गेला.

ह्या मुलाच्या पेशींचा दोष स्वभावाचा म्हणावा कीं परिस्थितीचा? जनुक आंत आहे, म्हणून स्वभावाचा. पण त्या जनुकाच्या अभावीं जें बिघडलें तें बाहेर, पायाखालीं आहे. २०१९ सालीं ह्याच शास्त्रज्ञांनीं अशा रोग्यांच्या पेशींत याप हें प्रथिन निष्क्रिय होतें आणि मूलपेशी झपाट्यानें संपतात असें दाखविलें. भूमि नाहीं, म्हणून आधार असल्याची वार्ता नाहीं. वार्ता नाहीं, म्हणून राहण्याची शक्ति नाहीं. निर्दोष जनुक दिल्यावर मूलपेशी पुन्हां टिकूं लागल्या. आणि नवल असें, कीं जनुक न देतां नुसतें याप जबरदस्तीनें कार्यास लावलें तरी प्रयोगपात्रांत त्या टिकल्या. म्हणजे आधार नसतांना आधार असल्याची खात्री पटविली तरी पेशी धीर धरते. हें वाचून आम्हांस व्याख्यानमालांतून तरुणांना आत्मविश्वासाचे पाठ देणाऱ्या वक्त्यांची आठवण झाली, आणि त्यांच्या बाजूनेंही कांहीं म्हणण्यासारखें आहे हें मान्य करावें लागलें. पण प्रयोगपात्रांतील पेशीला कोणी ओढीत नाहीं. चालत्या, खेळत्या, पडत्या मुलाच्या अंगावर तीच पेशी लावली असती तर खालीं धरण्यास कांहीं नसल्यामुळें ती पहिल्याच घर्षणाला सुटली असती. उपदेशानें धीर येतो, जमीन येत नाहीं.

तेव्हां आमच्या मतें न्याय करणाराचा पहिला प्रश्न 'दोष कोणाचा' हा नसावा. ज्याला ओढून पाहण्यास कांहीं दिलेंच नव्हतें त्याला 'तूं ओढलें नाहींस' असें म्हणणें क्रूरपणाचें आहे. उलट ज्याला दिलें होतें, आणि ज्यानें कधीं हात घातला नाहीं, त्याला 'तुझा काय इलाज' म्हणणें ही दया नव्हे. त्यांत त्याला मेणाचा गोळा ठरविण्याचा अपमान आहे. ह्या दोहोंतला भेद प्रत्येक वेळीं बाहेरून दिसेलच असें नाहीं, आणि म्हणून न्यायाधीशापेक्षां आईबापांचें व शिक्षकांचें काम अवघड आहे. त्यांना निकाल देऊन उठून जातां येत नाहीं. शिवाय त्यांच्या कामाला काळाची मुदत असते. २०१४ सालीं मगजांतील मूलपेशींवर झालेल्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, कठीण पृष्ठभागावर थोडा वेळ ठेवलेली पेशी मऊ जागीं आणतांच पूर्ववत् होते, पण तेथें दहा दिवस काढलेली पेशी मऊ जागीं आल्यावरही कठीण जागेसारखीच वागत राहते. आपल्या शास्त्रकारांनीं ज्याला संस्कार म्हटलें त्याला येथें मुदत जोडलेली आहे. आणि हा संस्कार केवळ वाईटच असतो असेंही नाहीं: उंदरांच्या त्वचेवर २०१७ सालीं झालेल्या प्रयोगांत, जिचा एकदां दाह होऊन गेला त्या त्वचेच्या मूलपेशी पुढची जखम अधिक लौकर भरून काढतात असें आढळलें. ह्याच आठवणीमुळें एखादा त्वचारोग पुनःपुन्हां उलटत असावा असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. सोसलेल्या माणसांत हे दोन्ही प्रकार आढळतात. कोणी दुसऱ्याच्या जखमेकडे लौकर धांवतो, कोणी साध्या स्पर्शानें पेटतो, आणि कित्येकदां तो एकच मनुष्य असतो.

त्या मुलाची हकीकत २०१७ सालीं प्रसिद्ध झाली तोंवर शेवटच्या तपासणीस २१ महिने लोटले होते, आणि नवी त्वचा घर्षणास टिकत होती. प्रत्येक पेशीमध्यें नवें जनुक ज्या ठिकाणीं जाऊन बसलें होतें त्यावरून तिचा वंश ओळखतां येत होता. तो शोधून पाहतां असें कळलें कीं, लावलेल्या असंख्य पेशींपैकीं बहुतेकींचे वंश कांहीं महिन्यांत संपून गेले होते, आणि आतां अंगावर असलेली सारी त्वचा थोड्याशा दीर्घायु मूलपेशींच्या संततीची होती. त्या मूलपेशी आरंभापासूनच पापुद्र्यांत होत्या. पापुद्रे बसविणाऱ्या डॉक्टरांना मात्र त्या कोणत्या हें दिसत नव्हतें. त्यांना सगळ्याच पेशी लावाव्या लागल्या, आणि सगळ्यांनाच भूमि पसरण्याचें साधन द्यावें लागलें.